छुप्या कॅमेऱ्याआधी: गाण्यात कोण कोणाकडे बघतंय?

तुमचा प्रश्न मला समजला तसा आधी मांडते. स्त्रोमाएच्या ‘फोर्मिदाब्ल’ या फ्रेंच गाण्याचा व्हिडिओ तुम्ही पाहिलात. पावसाळी सकाळ, ट्रामचा थांबा, झिंगलेला गायक आणि त्याच्याकडे बघत उभी राहिलेली खरीखुरी माणसं. तुमच्या मित्राने एक गाणं बांधलंय: नोकरीसाठी परगावी आलेला मुलगा रात्री आईला फोन करतो आणि सगळं झकास चाललंय असं खोटंच सांगतो. या गाण्याचा व्हिडिओ तुम्हाला तसाच, छुप्या कॅमेऱ्याने, स्वारगेटच्या एसटी स्टँडवर करायचाय. हाताशी साठ हजार रुपये आहेत. कॅमेरे किती लागतील, परवानगी लागते का, लोकांना कळलं तर काय करायचं, आणि तो गायक खरंच प्यायलेला होता का, असं तुम्ही विचारलंय.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते. नाही, प्यायलेला नव्हता. तो अभिनय होता, आणि तो इतका नेमका होता की तिथे उभ्या असलेल्या माणसांना तो खरा वाटला. बाकीच्या प्रश्नांकडे येते, पण त्याआधी थोडं थांबावं लागेल. तुमची खरी अडचण कॅमेऱ्यांच्या संख्येची नाही. तुम्हाला एका व्हिडिओची पद्धत आवडली आहे आणि ती दुसऱ्या गाण्याला लावायची आहे. ती लागू पडेल की नाही हे गाण्यावर ठरतं. म्हणून आधी ‘फोर्मिदाब्ल’ मुळात काय आहे ते बघू.

मी सतरा वर्षं गाण्यांचे व्हिडिओ शूट करते आहे, आधी सहायक म्हणून, मग स्वतंत्रपणे. मोबाइलवर हा व्हिडिओ दाखवून ‘आम्हाला असंच काहीतरी रॉ हवंय’ म्हणणारे कितीतरी गायक आणि दिग्दर्शक मला भेटलेत. त्यांतल्या बहुतेकांनी गाण्याचा अर्थ शोधलेला नसतो. फ्रेंच येत नाही, मग डोळ्यांना जे दिसतं तेवढंच उचललं जातं: पाऊस, तोल जाणारा माणूस, हलता कॅमेरा. या व्हिडिओची सगळी ताकद मात्र शब्दांत दडलेली आहे.

गायक फ्रेंच नव्हे, बेल्जियमचा. खरं नाव पॉल व्हान हाव्हर, जन्म ब्रसेल्सचा, 1985चा. वडील रवांडाचे, 1994च्या वंशसंहारात मारले गेले. आई बेल्जियमचीच, फ्लेमिश, म्हणजे तिथल्या डच बोलणाऱ्या समाजातली. ‘स्त्रोमाए’ हे ‘माएस्त्रो’चे तुकडे उलटे लावून केलेलं नाव. फ्रेंच बोलणाऱ्या पोरांत शब्द असे उलटे करून बोलायची पद्धत आहे, तिला ‘व्हेर्लाँ’ म्हणतात. आपण लहानपणी ‘च’ची भाषा बोलायचो ना, त्याच घराण्यातलं. म्हणजे शब्दांची मोडतोड करून त्यातून नवं काढायचं हे या माणसाच्या नावातच आहे. गाण्यातही तो तेच करतो.

‘फोर्मिदाब्ल’ म्हणजे जबरदस्त, अफलातून. आणि ‘फोर मिनाब्ल’ हे दोन शब्द म्हणजे फारच केविलवाणा, भिकार. फ्रेंचमध्ये हे दोन्ही कानाला जवळजवळ सारखे लागतात. गाण्याचं ध्रुवपद याच फरकावर उभं आहे: तू जबरदस्त होतीस, मी भिकार होतो, आपण दोघं मिळून जबरदस्त होतो. एका अक्षराच्या अंतरावर स्तुती आणि स्वतःची नालस्ती. दारू प्यायलेल्या माणसाची जीभ जड होते, शब्द एकमेकांत मिसळतात, आणि इथे तो जिभेचा जडपणाच अर्थ तयार करतो. (‘फोर्मिदाब्ल’ या शब्दाशी खेळण्याची फ्रेंच गाण्यात परंपराही आहे. शार्ल अझनाव्हूरने 1963 साली त्याची जोडी इंग्रजी ‘फॉर मी’शी लावली होती. तिथला खेळ लाडिक होता, इथला रक्तबंबाळ आहे.)

आता गोष्ट. माणसाचं प्रेम मोडलंय आणि तो रस्त्यावर आहे. पण तो आपल्या प्रेयसीशी बोलतच नाही, ती तिथे नाहीच. तो बोलतो समोरून जाणाऱ्यांशी. एका मुलीला हाक मारतो, मग सावरून म्हणतो की घाबरू नकोस, मी तुझ्यामागे लागत नाहीये. एका विवाहित माणसाची अंगठी बघून त्याला टोमणा मारतो. एका लहान मुलाला थांबवून आयुष्याबद्दल असं काही सांगतो जे कोणी लहान मुलाला सांगू नये. आणि मग सगळ्यांकडे वळून विचारतो: माकडाकडे बघावं तसं माझ्याकडे काय बघताय? तुम्ही मोठे संत लागून गेलात! आणि माकड ही शिवी तो त्यांनाच परत करतो.

ही जागा पुन्हा पुन्हा ऐका. युरोपातल्या शहरात एक कृष्णवर्णीय माणूस चारचौघांत उभा राहून म्हणतोय की माझ्याकडे माकडासारखं बघू नका. फुटबॉलच्या मैदानांवर खेळाडूंना याच शब्दाने हिणवलं जातं, हे तिथल्या प्रत्येक ऐकणाऱ्याला माहीत आहे. म्हणजे प्रेमभंगाच्या गाण्यात हळूच दुसराच एक हिशेब निघालाय. आणि तो हिशेब बघणाऱ्यांशी आहे.

एवढं कळलं की व्हिडिओ तसा का आहे हे आपोआप उलगडतं. गाण्यातच एक गर्दी लिहिलेली आहे. बघणारी, थबकणारी, तोंड फिरवणारी गर्दी. आता दिग्दर्शकापुढे दोन रस्ते असतात. ज्युनिअर आर्टिस्ट आणायचे, त्यांना ‘तुम्ही तुच्छतेने बघा, तुम्ही हसा’ असं सांगायचं आणि सगळं रचायचं. किंवा ज्यांना आपण प्रेक्षक आहोत हेच माहीत नाही अशी माणसं शोधायची. दिग्दर्शक जेरोम गियो आणि स्त्रोमाए दुसऱ्या रस्त्याने गेले. कारण तुच्छता करून दाखवता येते, पण माणूस दुसऱ्याकडे खरंच बघतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर एकच भाव नसतो. कीव, करमणूक, ओशाळलेपणा, ‘आपल्याला काय त्याचं’ हे सगळं अर्ध्या सेकंदात येऊन जातं. ते मला आजवर एकाही ज्युनिअर आर्टिस्टकडून काढता आलेलं नाही, आणि चांगल्या नटांकडूनही क्वचितच.

जागेकडे बघा. ब्रसेल्समधला ‘लुईझ’ थांबा. वर ट्राम, खाली मेट्रो, बाजूला महागड्या दुकानांचा रस्ता. वेळ सकाळी कामावर जायची, महिना मे 2013चा. मी रेकीला, म्हणजे शूटिंगची जागा आधी बघून यायला, जाते तेव्हा दिसणाऱ्या देखाव्याआधी हे विचारते: इथे माणूस किती वेळ थांबतो आणि किती वेळाने बदलतो? ट्रामच्या थांब्यावर माणसं नाइलाजाने उभी असतात. ट्राम येईपर्यंत त्यांना हलता येत नाही, त्यामुळे समोर काही विचित्र घडलं तर बघण्यावाचून इलाज नसतो. बाजारात किंवा चौकात माणूस बाजूने निघून जातो, थांब्यावर तो अडकलेला असतो. आणि ट्राम आली की ती जुनी माणसं घेऊन जाते आणि नवी सोडून जाते. म्हणजे दर थोड्या वेळाने अनभिज्ञ प्रेक्षकांची ताजी खेप. कलाकार तेच वाक्य परत म्हणू शकतो आणि समोरच्यांना ते पहिल्यांदाच ऐकू येतं. छुप्या चित्रीकरणातली सगळ्यात मोठी अडचण, की दुसऱ्या टेकला लोकांना गंमत कळलेली असते, ती या जागेने सोडवून टाकली.

वेळेचंही तसंच. रात्री बारला लागून असलेल्या गल्लीत कोणी झिंगलेला दिसला तर कोणाला काय वाटणार? पण सकाळी, इस्त्रीचे कपडे घालून ऑफिसला निघालेल्यांच्या मधोमध तोच माणूस उभा केला की त्याची रात्र अजून संपलेली नाही हे न सांगता कळतं. त्यात पाऊस. छत्र्या असलेले आणि भिजणारा एक, ही चौकट कोणी सजवलेली नाही, तरी ती सगळं सांगते.

पावसाचा कॅमेऱ्याच्या बाजूनेही फायदा असतो. ढगाळ सकाळी उजेड सपाट असतो, सावल्या पडत नाहीत. मग पहिल्या टेकमधला एक शॉट आणि तासाभराने घेतलेला दुसरा शॉट शेजारी लावले तरी डोळ्याला खटकत नाही. आपल्याकडे लोक कडक उन्हात, वेगवेगळ्या वेळी असं काही शूट करतात आणि एडिटला बसल्यावर रडतात. नाकाची सावली एका शॉटमध्ये डावीकडे, दुसऱ्यात उजवीकडे.

कॅमेरा लांब आहे हे तुम्ही ओळखलंच असेल. लांबून टेली लेन्सने, म्हणजे दूरचं जवळ आणणाऱ्या लेन्सने, घेतलं की पाठीमागची माणसं कलाकाराला चिकटल्यासारखी दिसतात. प्रत्यक्षात ती दहा फूट मागे असली तरी पडद्यावर त्याच्या खांद्याशी येतात. म्हणजे बघणारा आणि ज्याच्याकडे बघितलं जातंय तो, दोघं एका फ्रेममध्ये, एकाच उजेडात. ‘फोर्मिदाब्ल’ला हे हवंच होतं. शिवाय मध्येच कोणीतरी लेन्ससमोरून जातं, चित्र झाकलं जातं, पुन्हा उघडतं. आपण एरवी तो शॉट फेकून देतो. इथे त्याच अडथळ्याने बघणाऱ्याला सांगितलं की तूही या गर्दीत उभा राहून मान वाकडी करून बघतोयस. तुम्हीही त्या बघ्यांमधले एक होता. गाण्यातली शिवी तुम्हालाही लागते.

आणि पोलीस. त्या व्हिडिओतला माझ्यासाठी सगळ्यात मोलाचा प्रसंग तोच. पोलीस येतात, ओळखतात, ठीक आहात ना म्हणून विचारतात, घरी सोडायची तयारी दाखवतात, तो नको म्हणतो. शिवाय ते त्याचे चाहते निघतात. सगळं गाणं म्हणतंय की तुम्ही सगळे माझ्याकडे जनावरासारखं बघता, आणि नेमकी ज्यांची भीती वाटावी अशी माणसं येऊन आपुलकीने बोलतात. लिहून काढलेल्या पटकथेत मी हे टाकलं असतं तर निर्मात्याने ‘फार गोड होतंय’ म्हणून खोडलं असतं. आणि दिग्दर्शकाचं धाडस असं की त्याने ते कापलं नाही, गाण्याच्या म्हणण्याला छेद जात असूनही ठेवलं.

व्हिडिओला जोडून फ्रेंचमध्ये एक उपशीर्षक आहे: ‘हा धडा नव्हे’. त्यालाही कारण आहे. याआधी स्त्रोमाए इंटरनेटवर ‘धडे’ नावाचे छोटे व्हिडिओ करायचा, त्यात तो आपलं गाणं कसं तयार होतं ते उलगडून दाखवायचा. आणि हे वाक्य ज्या घाटाचं आहे तो घाट बेल्जियमच्याच रने माग्रितचा. 1929च्या चित्रात त्याने हुबेहूब पाइप रंगवला आणि खाली लिहिलं की हा पाइप नव्हे. खरं आणि खऱ्याचं चित्र यांत फरक असतो, एवढंच. खऱ्या रस्त्यावरच्या खोट्या दारुड्याला याहून नेमकं शीर्षक सापडणं कठीण.

आता या व्हिडिओचा जो भाग कॅमेऱ्याबाहेर घडला तोही सांगायला हवा, कारण नक्कल करणारे तो विसरतात. स्त्रोमाए तेव्हा अनोळखी नव्हता. 2009च्या ‘आलोर ओं दाँस’ने तो युरोपभर गाजला होता. त्यामुळे थांब्यावरच्या लोकांनी त्याला ओळखलं, मोबाइल काढले, आणि त्यांची हलती चित्रं अधिकृत व्हिडिओच्या आधीच इंटरनेटवर पसरली. लोकांना वाटलं हा माणूस कोसळला. त्याच सुमारास फ्रान्सच्या दूरचित्रवाणीवरच्या एका चर्चेच्या कार्यक्रमात तो हेच गाणं तशाच अवस्थेत म्हणाला. मग काही दिवसांत खरा व्हिडिओ आला आणि उलगडा झाला. ‘रासीन कारे’, म्हणजे वर्गमूळ, हा त्याचा अल्बम ऑगस्टमध्ये आला. या व्हिडिओला यूट्यूबवर आजवर 20 कोटींहून जास्त वेळा बघितलं गेलंय.

म्हणजे ओळखीचा चेहरा हाही त्या रचनेतला एक भाग होता. अनोळखी माणूस रस्त्यावर डुलत असता तर गर्दीने दुसरीकडे बघितलं असतं. नावाजलेला माणूस डुलतोय म्हणून मोबाइल बाहेर आले, आणि मोबाइल बाहेर आले म्हणून ‘माझ्याकडे काय बघताय’ या ओळीला धार आली. तुमच्या मित्राला स्वारगेटवर कोण ओळखतं, हे तुम्हीच मला सांगा.

याची उलट बाजू मी स्वतः अनुभवली आहे. काही वर्षांपूर्वी एका प्रेमगीतासाठी आम्ही मंडईत छुपं चित्रीकरण केलं. नायक उन्हात भटकतोय, विरहाने बेजार, असं काहीसं. कॅमेरा एका गाळ्यात, रिकाम्या क्रेटच्या मागे. मुलगा दारूच्या नशेत असल्यासारखा डुलत आला. पहिल्या कडव्यालाच कोथिंबीर विकणारी एक मावशी उठली, त्याचा दंड धरला, त्याला आपल्या पाटीजवळ पोत्यावर बसवलं आणि म्हणाली, ‘बाळा, आधी पाणी पी.’ तांब्या त्याच्या हातात दिला. वर शेजारणीला ओरडली, लिंबू दे गं एक. मुलगा नट होता, चांगला होता, पण त्याला गाणं आठवेना. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मी कॅमेरा बंद केला नाही. तीन मिनिटं आमच्याकडे आहेत, आणि त्या वर्षभरात मी शूट केलेलं सगळ्यात खरं काही असेल तर ती तीन मिनिटं.

ती आम्ही वापरू शकलो नाही. कारण गाण्यात त्या मावशीला जागाच नव्हती. गाणं चंद्र, मोगरा आणि तिच्या डोळ्यांबद्दल होतं. रस्त्यावरून एवढं मोठं काही आत आलं आणि गाण्याला त्याचं काय करायचं ते कळेना. शेवटी निर्मात्याने बागेत एक दिवस जास्तीचा शूट करून वेळ मारून नेली. मावशीला मी दुसऱ्या दिवशी जाऊन खरं सांगितलं आणि माफी मागितली. ती हसली नाही. तिला वाईट वाटलं होतं, आणि ते मला अजून लागतं.

तेव्हापासून मी एकच प्रश्न विचारते: या गाण्यात बघणारं कोण आहे? काही गाण्यांत कोणीच नसतं, माणूस एकटा असतो. काहींत एकच जण असतो. काहींत सगळं गाव असतं. छुपा कॅमेरा फक्त तिसऱ्या प्रकारात कामाचा, आणि तिथेही बाहेरून येणारं गाण्यात मावणार असेल तरच.

स्त्रोमाएने स्वतःसुद्धा ही युक्ती सगळीकडे वापरली नाही, हे लक्षात घ्या. त्याच अल्बममधलं ‘पापाउते’, म्हणजे ‘बाबा, कुठे आहेस’, घ्या. हरवलेल्या बापाबद्दलचं गाणं. त्याचा व्हिडिओ, दिग्दर्शक राफ रेंचेन्स, पूर्णपणे रचलेला आहे: बाहुलीघरासारखी वस्ती, मोजून बसवलेला नाच, आणि पुतळ्यासारखा निश्चल बाप, ज्याला मुलगा जिवंत करायची धडपड करतो. एकही गोष्ट अपघाताने घडलेली नाही. कारण तिथे मूल आपल्या मनात बाप तयार करतंय, आणि मनातलं घर कोणीतरी बांधलेलंच असायला हवं. दोन गाणी, एकच गायक, एकच वर्ष, आणि दोन टोकांच्या पद्धती.

पुढे 9 जानेवारी 2022ला त्याने छुप्या कॅमेऱ्याशिवाय तीच ‘फोर्मिदाब्ल’ची गोष्ट पुन्हा केली. फ्रान्सच्या टीएफ1 वाहिनीवर रात्री आठच्या बातम्या, समोर निवेदिका आन-क्लेर कुद्रे. तिने एकटेपणाबद्दल विचारलं आणि त्याने उत्तर गाण्यातून दिलं, तिथेच, बातम्यांच्या टेबलाशी बसून. ते ‘लाँफेर’, नरक, हे आत्महत्येच्या विचारांबद्दलचं गाणं. कॅमेरे सगळ्यांसमोर होते, पण बातम्या बघणारा माणूस गाणं ऐकायच्या तयारीत नव्हता. बेसावध प्रेक्षक गाठायला कॅमेरा लपवायलाच हवा असं नाही, हे मला त्या दिवशी नव्याने कळलं.

आता तुमच्या मित्राचं गाणं. तुम्ही दिलेले शब्द मी तीनदा वाचले. जेवलास का, हो जेवलो. खोली कशी आहे, मोठी आहे, खिडकी आहे. सगळं खोटं. हा मुलगा ‘फोर्मिदाब्ल’च्या माणसाच्या बरोबर उलटा आहे. तो माणूस चारचौघांत आपलं सगळं उघडं करतो, तुमच्या गाण्यातला मुलगा सगळं लपवतोय. त्याला कोणी बघायला नकोय. आईनेही नाही, म्हणून तर तो व्हिडिओ कॉल करत नाही. आणि रात्री साडेदहाला स्टँडवर फोनवर बोलणाऱ्या मुलाकडे कोण बघतं? कोणीच नाही. तेच तुमचं गाणं आहे. तुमच्या गर्दीने बघायचं नाहीये.

त्यामुळे माझं मत असं: स्टँड योग्य आहे, खरी माणसं योग्य आहेत, लांबचा कॅमेरा योग्य आहे, पण मुलाला लोकांची नजर खेचणारं काहीही करू देऊ नका. रडू नको, धडपडू नको, गुडघ्यावर बसू नको. त्याने फक्त फोनवर बोलायचं. मग लपवण्यासारखं काही उरतच नाही, आणि तुम्हाला परवानगी घेऊन उघडपणे काम करता येईल.

परवानगी घ्याच. स्टँड एसटी महामंडळाची जागा आहे, त्यांच्याकडे लेखी अर्ज करा आणि त्याची प्रत जवळच्या पोलीस चौकीत द्या. पैसे वाचवायला हे टाळू नका. कॅमेरा बॅगेत ठेवून ती बाकावर सोडून द्यायची कल्पना तुम्ही लिहिली आहे, ती पूर्णपणे डोक्यातून काढा. बसस्थानकावर बेवारस बॅग दिसली की लोक घाबरतात आणि घाबरायलाच हवं. ज्यांचा चेहरा स्पष्ट ओळखू येतो त्यांना शॉट झाल्यावर एका माणसाने जाऊन सांगायचं, दाखवायचं, सही घ्यायची. कोणी नको म्हटलं तर तो शॉट गेला असं समजायचं, वाद घालायचा नाही. मावशीच्या प्रसंगापासून माझ्या युनिटमध्ये हा नियम मोडत नाही.

कॅमेरे दोन पुरे. एक लांब, फलाटाच्या दुसऱ्या टोकाला ट्रायपॉडवर, 70-200ची टेली लेन्स. दुसरा मध्यम अंतरावर, हातात. दोन्ही कॅमेरे मुलाच्या एकाच बाजूला ठेवा, नाहीतर कापताना तो उडी मारल्यासारखा दिसेल. स्टँडवरचे दिवे पिवळे-पांढरे मिसळलेले असतात, ते दुरुस्त करत बसू नका, रंग एडिटमध्ये थोडेसे जुळवा आणि सोडा. बसचे हेडलाइट मध्ये येतील, चेहऱ्यावरून जातील. त्यासाठी थांबा, ते फुकटचं लायटिंग आहे. किती तास लागतील हे गर्दीवर आहे. सणाच्या आधीच्या रात्री गेलात तर उभं राहायला जागा नसेल, आडवाराला गेलात तर फलाट ओस. आधी दोन वेगवेगळ्या रात्री नुसतं जाऊन बसा.

साठ हजारांत हे बसतं, पण गायक-नट आणि युनिट मिळून सहाच्या वर माणसं नेऊ नका. युनिटचा चहावाला पोऱ्या थर्मास घेऊन मागे फिरताना दिसला की लोकांना शूटिंगचा पहिला संशय येतो. वॉकीटॉकीही नको. सहा जण असतील तर मोबाइलवर निरोप पुरतात.

प्लेबॅकची काळजी तुम्ही केली आहे: गाणं स्पीकरवर लावलं तर सगळे वळून बघतील. ब्लूटूथ इअरपीस लपवायचा विचारही तुमच्या पत्रात आहे. गरज नाही. मुलाच्या कानाला फोन आहेच, गाणं त्या फोनमधूनच वाजवा. तो ऐकत ऐकत म्हणेल, आणि ज्या ओळी त्याला नीट जमणार नाहीत त्या जमल्या नाहीत तरी चालेल. ‘फोर्मिदाब्ल’मध्येही रस्त्याचा आवाज गाण्यात मिसळलेला आहे, म्हणून ते खरं वाटतं. एक जण फक्त आवाजासाठी ठेवा. स्टँडवरची घोषणा, कंडक्टरची हाक, रिव्हर्स घेणाऱ्या बसची शिट्टी, असा पाच-सात मिनिटांचा सलग आवाज घ्या. आई जे प्रश्न विचारते तिथे गाण्याचं संगीत थोडं मागे घेऊन हा आवाज वर आणून बघा. आई तिकडे तोच आवाज ऐकत असणार, आणि तिला कदाचित कळत असणार की पोरगा खोलीत नाही, स्टँडवर आहे.

लोकांना कळलं तर काय, हा तुमचा प्रश्न राहिला. कळू दे. कोणी लेन्सकडे बघितलं तर तो टेक जाईल, पुढची बस आली की माणसं बदलतील. लुईझवर ट्रामने जे काम केलं ते तुमच्यासाठी सातारा आणि कोल्हापूरच्या गाड्या करतील.

आणि मुलगा फोन ठेवेल तेव्हा कट म्हणू नका. शेवटचा सूर संपल्यावरही दोन्ही कॅमेरे चालू ठेवा. तो फोन खिशात टाकेल, थोडा वेळ नुसता उभा राहील, बॅग उचलेल आणि लोकांमधून चालायला लागेल. लांबच्या लेन्सवर तो दिसेनासा होईपर्यंत फोकस त्याच्यावरच राहू द्या.